गायनाच्या तासाला बसलेल्या मुली

सोमवार, १९ नोव्हेंबर १९३४
शाळेत गायनाचा तास. पहिलीपासून चौथीपर्यंतच्या निवडक मुली, चर्चच्या बाजूच्या खोलीत, गुडघ्याला गुडघा लावून. नाताळची गाणी बसवतोय. मदर क्लारा दारात उभ्या राहून ऐकून गेल्या, आपल्या गोऱ्या मराठीत म्हणाल्या, "मास्तर, हे चाल फार नाचरे आहे. बाळ येशू झोपला आहे." लय उतरवली. चाल आमच्या कंपनीच्या नाटकातली, हे सांगितलं नाही. बोलपटांनी कंपनी खाल्ली, पेटी तेवढी माझ्याबरोबर सोलापुरात उतरली. सोमवार-गुरुवार हा तास, बाकी शिकवण्या. शिवण सिस्टर घेतात, चित्रकलेला बुधवारी एक मास्तर येतो. या तासांना मुली पळत येतात. गणिताला नाही.

नरसम्माला पुढे उभी करायची ठरवलं. साखर पेठेतल्या विणकराची पोर, तिसरीत. घरात तेलुगू. मराठी शब्द अडखळतो, सूर नाही. शेजारी माझी लेक कुसुम. दोघींचं गूळपीठ, एका फुलपात्राने पाणी पितात.

गुरुवार, २२ नोव्हें.
नरसम्माचा आवाज बसलेला. खडीसाखर दिली.
"दुखतंय का गं?"
"न्हाय की मास्तर. गिळताना तेवढं."
गाऊ दिलं. वर जाऊ नको म्हटलं. गेलीच.

सोमवार, २६ नोव्हें.
नरसम्मा गैरहजर. तिच्या जागी चौथीतली शांता साळुंखे. बाप गिरणीत. आवाज जाड पण तालाला पक्की.

संध्याकाळी साखर पेठेत जाऊन आलो. माग बंद होता. पोर भिंतीकडे तोंड करून पडलेली. मान जबड्याइतकी रुंद. आईने, बालम्माने, दिवा जवळ आणून तोंड उघडून दाखवलं. घशात राखेसारखा पापुद्रा. वास.
"हळद लावली, मंतरून आणलं. उद्या उतरंल की, मास्तर?"
उतरेल म्हणालो. सिव्हिलमध्ये न्या असंही म्हणालो. बाप म्हणाला, बघू, सकाळी बघू. मी जोर केला नाही. नरसम्माने डोळ्यांनीच ओळख दिली.

मंगळवार, २७ नोव्हें.
नरसम्मा गेली. पहाटेच. मला दुपारी कळलं, तोवर सगळं आटोपलेलं. घटसर्प.
कुसुमला काय सांगायचं ते तिच्या आईला, हिला, जमलं नाही, मलाही नाही. शेवटी सुचलं तसं सांगितलं. ती म्हणाली, मग माझ्या शेजारी कोण?

गुरुवार, २९ नोव्हें.
तास घ्याच, म्हणाल्या मदर. मुलींचं मन गुंतेल. आधी सगळ्यांनी हात जोडून नरसम्मासाठी प्रार्थना केली. नंतर पेटी उघडली, पण कुणाचा आवाज लागेना. पहिलीतल्या चिमण्या नुसत्या माझ्या तोंडाकडे बघत बसल्या. शांता दोनदा खोकली. मी काय केलं? पाणी दिलं.

शनिवार, १ डिसेंबर
शांता सिव्हिलमध्ये. मेरी पण. मेरी म्हणजे सिस्टरांकडेच राहणारी, आईबाप नसलेली, पहिलीतली. मदर स्वतः टांग्यात घेऊन गेल्या. टोचायचं औषध इथे संपलंय, पुण्याला तार केलीय.

सोमवार, ३ डिसें.
म्युनिसिपालिटीचे डॉक्टर आले. चमच्याच्या दांडीने एकेकीची जीभ दाबून घसे पाहिले. मग मदरना विचारू लागले.
"गेली ती कितवीत?"
"तिसरी."
"आजारी दोघी?"
"एक चौथी. एक पहिली."
"बसतात वेगवेगळ्या खोल्यांत. मग एकत्र येतात कुठे? फक्त याच मुली?"
मदरनी सिस्टरकडे पाहिलं. सिस्टर खाली बघतायत. मीच म्हणालो, गायनाला.

डॉक्टर वाईट बोलले नाहीत. तोंड उघडून जोरात श्वास सोडायचा, समोरचीने तो घ्यायचा, गाणं म्हणजे हेच की हो, एवढंच म्हणाले. दार लावून घेत होतो मी. पेटीचा आवाज घुमतो छान, म्हणून.

शाळा नाताळ होईपर्यंत बंद. गायनाच्या सगळ्या मुलींचा आणि माझाही घसा कापसाच्या बोळ्याने पुसून, बोळे नळ्यांत घालून पुण्याला तपासायला धाडले. पेटी घरी आणली.

मंगळवार, ४ डिसें.
औषध दुपारच्या गाडीने आलं. शांता सकाळी गेली होती. मेरीला टोचलं.

बुधवार, ५ डिसें.
शाळेत राहिलेल्या वह्या आणायला गेलो. फाटकाशी शांताची आई. छाती पिटून,
"गायला लावलं माज्या लेकीला! कुणाच्या देवाचं गाणं गायला लावलं! गळाच काढून घेतला की हो!"
लोक जमले. मदर गेल्या तिच्यापाशी, रस्त्यावरच मातीत तिच्याजवळ बसल्या. त्या बाईने त्यांना ढकललं, त्या पुन्हा बसल्या. मी खोलीच्या दाराआड उभा होतो. तिथेच उभा राहिलो. वह्या आणल्याच नाहीत.

शुक्रवार, ७ डिसें.
लिहायचं नव्हतं. लिहितो.
मेरी वाचली. पाणी पिते ते नाकातून परत येतं, बोलणं सगळं नाकात. महिन्या-दोन महिन्यांत सुधारेल म्हणतात. हे सांगायला डॉक्टर घरी आलेत असं वाटलं. पण बसले नाहीत. घरात कोण कोण आहे, विचारलं. मग कुसुमला बोलावलं. उजेडात नेऊन नाक पाहिलं.
"मास्तर, हिच्या घशात जंतू निघाले. तुम्ही साफ आहात."
ही म्हणाली, "अहो, ठणठणीत आहे ती. दोन पोळ्या खाऊन आताच उठली."
"तेच तर. मागे काही झालं होतं का?"
हिनेच सांगितलं. दिवाळीत अक्कलकोटला माझ्या बहिणीकडे गेलो होतो, तिथे कुसुमचा घसा धरला होता. दोन दिवस अंग गरम. हळद-दूध दिलं, बरी झाली. पुढे नाक वाहायचं राहिलं ते राहिलंच. सांगता सांगता हिच्या लक्षात आलं. पदर तोंडाला लावून आत गेली.
वरच्या ओठावर नाकाखाली साल निघालेली, ती डॉक्टरांनी बोटाने दाखवली. थंडीने फुटलाय समजून मी लोणी लावत होतो. तासाला माझ्याच रुमालाने तिचं नाक पुसायचो.
"हीच पहिली असावी. नरसम्माला हिच्याकडून, तिच्याकडून बाकीच्यांना. यात तुमचा दोष नाही. कुणालाच कळलं नसतं."
असावी, म्हणाले. आहे, असं नाही म्हणाले.
जंतू जाईपर्यंत बाहेर सोडायचं नाही. लहान पोरांपासून तर फारच जपायचं.

शनिवार, ८ डिसें.
कुसुम मागच्या खोलीत. ताट-वाटी वेगळी.
"मी आजारी नाही ना? मग मला का कोंडलं?"
ही म्हणाली, बाहेर साथ आहे बाळ.

मदर आल्या. आत आल्या नाहीत, रस्त्यातच उभ्या. "डॉक्टरांनी मला सांगितले. मी कोणाला सांगणार नाही. त्या आयांना सांगायचे का, तुम्ही ठरवा. मी प्रार्थना करते." मी विचारलं, तुम्ही काय केलं असतं? मग म्हणाल्या, "मला मूल नाही, मास्तर."

गुरुवार, १३ डिसें.
गायनाचा वार. हात आपोआप पेटीकडे गेला. भाता सोडला, पुन्हा लावला.
मागच्या खोलीतून कुसुमचं गुणगुणणं. ही एकदम ओरडली, गप्प बस! या घरात गाण्याला कुणी गप्प केलं नव्हतं आजवर. पोर रडली नाही. गप्प झाली ती झाली.
शिकवण्या सुटल्या. त्या शाळेचा मास्तर नको, म्हणे. बरंच झालं. कुणाकडे गेलो असतो तरी गायला सांगवलं नसतं.

हिच्याशी बोलणं झालं. ही म्हणते, सांगून त्यांच्या पोरी परत येणार आहेत का? आपल्या पोरीला जन्मभर बोट दाखवतील. मोठी झाली की तिलाच कुणीतरी सांगेल, तू दोघींना खाल्लंस. खरं आहे ते. मी म्हणालो, पण बालम्मा रोज स्वतःला खात असेल, आधी का नेलं नाही म्हणून. ही म्हणाली, तेही खरं आहे. आणि उठून गेली.

बुधवार, १९ डिसें.
दुसऱ्यांदा कुसुमचा बोळा पाठवला होता. अजून आहे.
यंदा नाताळला गाणी नाहीत. नुसती घंटा वाजवणार.

शनिवार, २२ डिसें.
बालम्मा आली. दुपारी ही नळावर गेली होती, कडी उघडी. येईल असं डोक्यातही नव्हतं. बरोबर धाकटी लेक, चारेक वर्षांची. बालम्मा अर्धी राहिलेली.
म्हणाली, "मास्तर, शाळा उघडली की हिला पण घ्या. तुमच्या तासाला बसू द्या. नुसती बसंल. ही पण गाती. आमच्यात नरसम्माचं नाव कोण घेईना आता, रडू येतं म्हणून. म्हटलं मास्तरांकडं न्यावं."
तेवढ्यात मागचं दार लोटून कुसुम बाहेर आली. आवाज ओळखला असणार. धाकटी हसली आणि सरळ तिच्याकडे पळाली.
मी ओरडलो. कसा ते माहीत नाही. पोर जागच्या जागी थिजली आणि भोकाड पसरलं. मी मध्ये जाऊन कुसुमला खांद्याला धरून आत ढकललं.
बालम्माने लेक उचलली. "काय केलं तिनं? काय झालं, मास्तर?"
मनात खोटं तयार होतं. खोकला आहे, म्हणायचं होतं. म्हणालो,
"जवळ जाऊ देऊ नका. कुसुमच्या घशात ते अजून आहे."
"अय्यो." तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. कुसुमसाठी. "तिला पण झालं? वाचंल ना?"
"तिला काही होणार नाही."
मग ती थांबली. लेकीच्या पाठीवर हात फिरत होता तो थांबला.
"अजून म्हंजे?"
मी मागच्या दाराला कडी घातली.
"तिला कवा झालतं, मास्तर?"
दिवाळीत, म्हणालो. त्या वेळी कळलं नव्हतं, शपथेवर सांगतो, हेही म्हणालो. ते तिने ऐकलं की नाही, देव जाणे. भिंतीला हात टेकून उभी राहिली. ओठ हलत होते, तेलुगूत काही. पोर रडायची थांबून आईच्या तोंडाकडे बघत होती. मी बसा म्हणालो. ती बसली नाही. गेली. शिवी नाही, शाप नाही. उंबऱ्यावर लेकीच्या डोक्यावरून पदर घेतला, तिच्या नाकातोंडावरून, आणि गेली.

ही घागर घेऊन आली, वाटेत बालम्मा दिसली होती. काय म्हणाली ती, विचारते. मी सांगितलं, काहीच नाही.

सोमवार, २४ डिसें.
साखर पेठेतून कुणी आलं नाही. शांताच्या घरी अजून कळलेलं नसावं. कळेल. की आधी मीच जाऊ? चप्पल घालून दोनदा बोळाच्या तोंडापर्यंत गेलो.
मदरचा निरोप: शाळा उघडली की तास झाडाखाली, उघड्यावर घ्या. या. उत्तर धाडलेलं नाही.
कुसुम बोलते, खाते, गात नाही.
दार वाजलं की ही कडी काढायच्या आधी माझ्याकडे बघते.