जाळी होती की नव्हती

प्रिय दादा,

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. शेवटी घातलेलं कोडं सुटत नाही म्हणून उत्तर लांबलं, असं मी स्वतःला सांगत होते. तिघे जण, एक नेहमी खरं बोलणारा, एक नेहमी खोटं बोलणारा आणि तिसरा मनाला येईल तसं बोलणारा. पहिल्या दोघांचं मी बघून घेतलं असतं. त्या तिसऱ्यानं डोकं खाल्लं. एरवी तुझं कोडं मी भाजी निवडता निवडता सोडवते आणि त्याचा तुला या वयातही राग येतो, हे मला ठाऊक आहे. या वेळी तुझी जीत समज.

आपण जिन्यात बसायचो ते दिवस हल्ली फार आठवतात. तू मास्तर म्हणून वरच्या पायरीवर, मी मधलीवर, आणि सगळ्यात खाली तुझा मित्र, गणितात भोपळा मिळवून आलेला, म्हणून तूच त्याचं नाव भोपळ्या ठेवलेलं. तुझं पहिलं कोडं मला शब्दन् शब्द पाठ आहे. दोन भाऊ दारात बसलेत, त्यातला धाकटा म्हणतो, आम्ही दोघंही खोटारडे आहोत; तर कोण कसा? मी म्हणाले, खरं बोलणारा स्वतःला खोटारडा म्हणेलच कसा? म्हणजे धाकटा खोटारडा. मग त्याचं वाक्यही खोटं, म्हणजे दोघंही काही खोटारडे नाहीत, म्हणजे थोरला खरा. खिसा कापला गेल्यासारखा तू माझ्याकडे बघत राहिलास. भोपळ्या म्हणाला, मी तर दोघांना चहा पाजीन, चहा पोटात गेला की माणूस खरं बोलतो. तू त्याला टपली मारलीस आणि म्हणालास, अरे, माणसाचं तोंड बघायचं नसतं, वाक्य बघायचं असतं. पुढे मी त्या चहा पाजणाऱ्याशीच लग्न ठरवलं, तेव्हा आईची समजूत तूच काढलीस. तू तिला म्हणालास, काळजी करू नकोस, याला खोटं बोलता येत नाही. खोटं लक्षात ठेवायला डोकं लागतं. आई हसली आणि तयार झाली. मीही हसले होते.

इकडची बातमी म्हणजे कारखान्यात अपघात झाला. मोठा. आमचा खोक्यांचा कारखाना तू पाहिलेला नाहीस. पुठ्ठा दोन रुळांमधून जातो, त्याला घड्या पडतात, पुढे डिंक लागतो. मी असते त्या प्रथमोपचाराच्या खोलीत एक खाट आणि एक काचेचं कपाट. खिडकी लावली तरी डिंकाचा वास आत येतोच. माझं काम म्हणजे पुठ्ठ्यानं कापलेली बोटं, डोळ्यांत गेलेली धूळ, क्वचित गरम डिंकाचा चटका. कधी कोणी नुसतं दहा मिनिटं आडवं व्हायला येतं, त्यालाही मी औषध दिल्यासारखं करते.

आवाज बारीक म्हणून जिला सगळे चिमणी म्हणतात, ती घडीच्या मशीनवरची बाई. तिचा उजवा हात रुळांत गेला. दोन बोटं वाचली नाहीत. त्या रुळांपुढे हात आत जाऊ नये म्हणून लोखंडी जाळी असते. पुठ्ठा अडकला की मशीन बंद करायचं, जाळी उघडायची, तुकडा काढायचा, जाळी परत लावायची. त्यात वेळ जातो. मोठी ऑर्डर आली की वरून फोन सुरू होतात, आणि मग एखादे दिवशी ती जाळी भिंतीला टेकवून ठेवलेली दिसते. कोणी काही बोलत नाही, कारण सगळ्यांनाच लवकर घरी जायचं असतं.

चिमणीला माझ्या खोलीत आणलं तेव्हा तिला आधार देत पाळीचा सुपरवायझर आला होता. म्हणजे भोपळ्याच. माझा नवरा म्हणून नाही, सुपरवायझर म्हणून. मी जखम दाबून धरली होती. ती अर्धवट शुद्धीत. बाकीचे गाडी बोलवायला धावले होते. तो भिंतीकडे तोंड करून उभा होता आणि पुन्हा पुन्हा एकच म्हणत होता, मी काढायला नको होती, ती जाळी मी काढायला नको होती. मी त्याला म्हणाले, कापूस दे. त्यानं दिला.

चौकशीचे साहेब बाहेरून आले, तोवर जाळी जागेवर होती. पुसून, तेल लावून. सुपरवायझरनं सांगितलं, जाळी होती, बाईनं घाईत स्वतः उघडली. चिमणीनं सांगितलं, जाळी नव्हतीच, ऑर्डर आल्यापासून नव्हती. आणि शेजारच्या मशीनवाल्यापासून गाडी भरणाऱ्यापर्यंत सगळ्यांनी सांगितलं, आमचं लक्ष नव्हतं. दादा, तुझ्या कोड्यांच्या गावात, आमचं लक्ष नव्हतं, म्हणणारा कोणी राहतच नाही. तिथे ज्याला विचारावं तो काहीतरी ठाम बोलतो, म्हणून तर कोडं सुटतं. मलाही विचारलं. जखम कशी होती, रक्त किती गेलं, पट्टी कोणती बांधली. मी विचारलं तेवढं सांगितलं, आणि त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. तुझ्या हिशेबानं मी खऱ्यांतच बसले असते.

घरी जेवताना तो म्हणाला, त्या दिवशी खोलीत मी काही बोललो नव्हतो, हो ना? मीठ कमी आहे का विचारावं, तसं विचारलं. मी त्याला भात वाढला. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. जाळी काढ, असं वरूनच सांगितलं होतं. आता वरचे म्हणतात, आम्ही कधी सांगितलं? खरं बोलावं तर एकटा तोच अडकणार, नोकरी जाणार, वर पोलीस. तो म्हणाला, तिला दोन बोटांशिवायही काम मिळेल ग, मला या वयात कोण उभं करणार? आणि लगेच तोंड फिरवलं, कारण आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच कळलं. दादा, तो वाईट नाही. चिमणीला दवाखान्यात नेलं त्या दिवशी तो जेवला नाही. पण आता त्याला खोटं बोलता येतं. लक्षात ठेवावं लागत नाही, कारण आजूबाजूचे सगळे तेच वाक्य म्हणतात.

चिमणीची पट्टी बदलायला मी तिच्या घरी जात होते. तिची जाऊ ओट्यापाशी कामात असायची आणि ही कोपऱ्यात, हात उशीवर ठेवून. एकदा मी पट्टी गुंडाळत असताना ती म्हणाली, बाई, मीच उघडली असेन का हो ती जाळी? मला तर नव्हती असंच आठवतं. पण सगळे म्हणतात, दुखण्यात तू विसरलीस. घरचेसुद्धा म्हणतात. एवढी माणसं माझ्याशी खोटं कशाला बोलतील?

माझे हात थांबले. आपण इतकी कोडी सोडवली, पण त्यांतल्या खरं बोलणाऱ्याला कधी अशी शंका आली नाही. सगळं गाव उलटं बोललं तरी तो आपला ठाम. ही मात्र रोज थोडी थोडी आपल्याच शब्दावरून खाली उतरत होती, आणि आणखी थोड्या दिवसांनी तिनं स्वतःच सांगितलं असतं की, हो, मीच उघडली. मी म्हणाले, तू नाही उघडलीस. ती म्हणाली, तुम्हाला कसं माहीत? मी म्हणाले, मला माहीत आहे. मग इतके दिवस कुठे होतात, असं तिनं विचारलं नाही. पदरानं तोंड पुसलं आणि जावेला म्हणाली, बाईंना पाणी दे.

तिथून मी तडक चौकशीच्या साहेबांकडे गेले आणि खोलीत जे ऐकलं ते सांगितलं. ते लिहिता लिहिता थांबले. म्हणाले, ते तुमचे कोण? मी म्हणाले, नवरा. म्हणाले, घरी सांगून आलात? मी म्हणाले, नाही, आता जाऊन सांगते. घरी आले तेव्हा तो नळाचा वॉशर बदलत होता. मी सांगितलं. त्यानं हातातलं काम पुरं केलं, नळ घट्ट केला, गळत नाही ना ते बघितलं, आणि मग विचारलं, सही केलीस? मी हो म्हणाले. त्यानंतर आम्ही एका घरात राहतो, एवढंच.

येत्या रविवारी तो तुझ्याकडे येणार आहे. मी गडबडीत चुकीचं ऐकलं असं लिहून दिलं तर सगळं अजून मागे घेता येतं, असं त्याला कोणीतरी सांगितलंय. तो म्हणाला, माझं ऐकत नाहीस, दादाचं तरी ऐकशील. म्हणून हे पत्र त्याच्या आधी तुझ्या हातात पडावं असं मला वाटतं. त्याला दारातून परत पाठवू नकोस. पोटभर जेवू घाल. त्याचं सगळं ऐकून घे, कारण त्याचं ऐकून घेणारं आता इथे कोणी उरलेलं नाही, मीसुद्धा नाही. चार दिवस ठेवून घेता आलं तर ठेव, तुझ्याजवळ तो सावरेल. फक्त त्याच्याबरोबर इकडे येऊ नकोस, दादा. तुला नाही म्हणणं मला आजवर कधी जमलेलं नाही, आणि या वेळी मला नाही म्हणायचं आहे.

तुझीच,
धाकटी