चवथ्या गाण्यातलं नाव

प्रिय ताई,

पयलेच सांगते, ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर हासजो नको. तुले माहीतच आहे, नववीतच माहं अन शाळेचं फाटलं. बाईनं उभं करून धडा वाचाले लावला का माह्या तोंडातून शब्दच निंघत नव्हता, अन मंग एक दिवस मी गेलीच नाई. आता एका बोटानं टाइप करून राह्यली आहे, त्यातही हा मोबाईल आपल्या मनानं शब्द बदलवते. मघाशी ‘बाबा’ लिहिलं तर ‘बाबू’ करून टाकलं यानं. आवाज भरून पाठोला असता, पण आपलं घर केवढंसं, पलीकडच्या खोलीत बाबा बसले आहे. आईले म्हणलं तूच सांग, तर ती तुहा आवाज ऐकला का रडत बसते अन मुद्दा राहूनच जाते. म्हणून लिहून राह्यली. ड्युटीवर असशीन तर आता वाचू नको, रूमवर जाऊन आरामात वाचजो.

इथं सारं बरं आहे. बाबा बँकेच्या गेटवरच आहे, ड्रेसले इस्त्री अजून स्वतःच करते, कोणाले हात लावू देत नाई. मले कोकिळाताई आता पिको-फॉलच्या पुढं ब्लाऊजही शिवाले देते. गिऱ्हाईक आलं का मी मशीनमंदी डोकं घालते. कोकिळाताई सगळ्यायसमोर म्हणते, ‘हे पोरगी आहे का मशीनचा पार्ट आहे व?’ मले राग नाई येत. मशीन चालू असली का मले बरं वाटते, अन खरं सांगू, मले ती आफ्रिकेची सीडी आठवते.

तुलेही आठवत असन. बाबा फौजेतून यूएनची निळी टोपी घालून काँगोले मिशनवर गेलते तवा तू दुसरीत होती अन मी आईच्या पोटात. येताना त्यायनं एक लाकडाचा जिराफ आणला, आईले कापड आणलं, अन तिथल्या बाजारातून ती सीडी आणली. कव्हरवर चमकदार कोटवाला जाडा माणूस, गळ्यात गिटार, मागं ही गर्दी. भर प्रोग्राममंदी रेकाड केलेली, म्हणून गाण्याच्या मंदीमंदी शिट्या, टाळ्या, बायायचं हासणं, सारं येते. भाषा आपल्याले काहीच कळत नाई. चवथं गाणं सगळ्यात लंबं. पयले तो जाडा माणूस हळूहळू गाते, जसं कोणाची समजूत काढून राह्यला. मंग ढोल पलटते अन गिटारी सुटते. एक जाड आवाजाची, एक गोल गोल फिरणारी, अन एक बारीक, वरची वर, साडीच्या काठावर पिको मारल्यावानी टिकटिकटिक. तवा आपले बाबा, जे हासतानाही मिशी हालू देत नव्हते, ते खुर्चीतून उठायचे अन फक्त कमरेपासून खाली नाचायचे. वरून हवालदार, खालून काँगो. प्रमिलाबाई भिंतीवरून डोकावून म्हणे, ‘सुलोचना, तुह्या नवऱ्याले करंट लागला काय व?’ अन आई म्हणे, ‘लागू द्या, लाईटबिल आमीच भरतो.’

अन मंग ते यायचं. गिटारी जोरात असतानी एक माणूस माईकवर नावं पुकारते, आपल्या इकडं जयंतीच्या कार्यक्रमात गाणेवाला मंदीच थांबून बक्षीस देणाऱ्यायची नावं घेते ना, तसंच. पाच-सात नावं घेते, अन मंग जोरात म्हणते, ‘मोनालीऽऽ’, अन सारे लोक वरडते. बाबानं तुले सांगतलतं का त्या प्रोग्रामले आमची गेटवर ड्युटी होती, मी चिठ्ठी पाठोली का माही पोरगी वर्ध्याले आहे, तिचं नाव घ्या. तू सिंदी मेघेतली अर्धी पोरं घरी आणून ते ऐकवलं असन. मले लय जळण होये. मी एकदा रडून विचारलं, माहं काऊन नाई पुकारलं? तर बाबा म्हणे, ‘तुहं नाव तवा ठेवलंच नव्हतं बेटा, काय लिहिलं असतं चिठ्ठीत?’

तुह्या साक्षगंधाचं मी काही काढत नाई. तू त्याच दिवशी नवरदेवाले स्वतः फोन करून नाई म्हणलं, लग्नानंतर नोकरी सोडा लागन हे तुले पटलं नाई, ते मले तवाही बरोबर वाटलं अन आताही वाटते. पण तू त्या दिवशी मागच्या खोलीत होती, तुले दिसलं नाई. बाबा समाज भवनाच्या गेटवर हात जोडून उभे होते, येईन त्या पाव्हण्याले म्हणत होते, ‘जेवून जा, स्वयंपाक झालेला आहे.’ दुसरं काहीच नाई. तू नाशिकले गेली तवापासून त्यायनं तुहं नाव घेतलं नाई. कोणी विचारलं मोठी काय करते, तर ‘आहे तिकडं’ म्हणते अन बुटाची लेस बांधाले वाकते. लेस बांधलेली असली तरी. मंग आमीही त्यायच्यापुढं घेईनासे झालो. आई ‘ती’ म्हणते. ‘तिचा’ फोन आलता. जसं काही घरात दुसरी ‘ती’च नाई.

आता जे सांगते ते तुले माहीत नाई. तू गेल्यावर बाबा दर रविवारी चहा झाला का सीडी लावायचे. फक्त चवथं गाणं. नाचत नव्हते, खुर्चीत बसून ऐकायचे. तो माणूस नावं घ्याचा, तुहं नाव यायचं, लोक वरडायचे, अन बाबा बटण बंद करायचे. मंग म्हणत, ‘काय बेकार गाणं आहे,’ अन बाहेर जाऊन कढीपत्त्याले पाणी टाकायचे. मले लय दिवस वाटे का त्यायले खरंच बोअर होत असन. मंग मी एका रविवारी पाह्यलं, आई त्या टायमाले कुकर लावतच नाई. डाळ धुवून, झाकण हातात घेऊन उभी राह्यते. गाणं बंद झालं का मंग लावते. शिट्टी गाण्यामंदी नाई आली पाह्यजे म्हणून. म्हणजे तिलेही माहीत होतं. दोघंही एकमेकाले काही बोलले नाई, अन मी तर काय, मी कोणालेच बोलत नाई.

दिवाळीच्या नंतर प्लेअर बंद पडला. वर्ध्यात दाखवला, तो म्हणे याचे पार्ट येणं बंद झाले, फेकून द्या. बाबानं फेकला नाई, टीव्हीच्या खाली तसाच पुसून ठेवला. अन रविवार असा जायले लागला ना ताई, का घरात कोणी आजारी आहे. बाबा चहा प्यायचे, अन मंग हात कुठं ठेवाचा ते समजत नव्हतं त्यायले. मी कव्हरचा फोटो काढून मोबाईलवर शोधला. कोकिळाताईच्या पोरानं मदत केली. सापडली! तोच जाडा माणूस, तोच कोट. पण खाली जे साल लिहून होतं ते मी तीनदा वाचलं. तो प्रोग्राम तू जन्मायच्याही आधीचा आहे. बाबाची चिठ्ठी तिथं कशी जाईन?

तरी मी छोटा स्पीकर आणला अन रविवारी चहाच्या वक्ताले लावलं. आवाज इतका साफ, का पयल्यांदा समजलं मागं एक बाई पूर्ण टाइम खोकलून राह्यली आहे. बाबा सरळ होऊन बसले. गिटारी सुटल्या, त्यायचं बोट खुर्चीवर चालू झालं. आई झाकण घेऊन दारात आली. नावं सुरू झाली. अन तुहं नाव आलंच नाई ताई. त्या जागी साफ दुसरंच होतं, ‘मोलांगी’ असं काहीतरी, कोण्या माणसाचं. आपली बाजारातली घासलेली सीडी होती, तिच्यात ते तुह्या नावावानी ऐकू ये. बाबा म्हणे, परत लाव. परत लावलं. मंग म्हणे, ‘प्रेरणा, नव्या रेकाडमंदी माह्या पोरीचं नाव काऊन काढून टाकलं व यायनं?’

त्यायले खरंच तसं वाटलं, का ते अजून तीच गोष्ट सांभाळून राह्यले, मले समजलं नाई. ‘माही पोरगी’ म्हणले एवढंच मले ऐकू आलं. माह्या तोंडातून तर काही निंघणारच नव्हतं, पण आईच्या तोंडातून निंघालं. ‘मंग तुमीच घ्या ना तिचं नाव! तुमचं तोंड काय पोरीनं पिको करून देल्लं का?’ बाबा उठले अन बाहेर गेले. मी खिडकीपाशी होती. कढीपत्त्याजवळ उभे राहून त्यायनं हळूच म्हणलं, ‘मोनाली.’ मंग घसा साफ केला अन अजून एकदा, थोडं जोरात. माईक चालू आहे का पाह्यते ना, तसं.

म्हणून हे सारं लिहिलं. बाबाचं जुनं सिम बंद झालं, त्यायच्याकडं आता नवा नंबर आहे, शेवटी एकोणऐंशी. रविवारी संध्याकाळी त्यायनं स्वतःच्या हातानं तुले फोन लावला, तू कापला. मंगळवारी लावला, तोही कापला. मले माहीत आहे तू ओळखीचा नंबर नसला का उचलत नाई, लोनवाले तरास देते म्हणून. पण बाबाले वाटते तुनं मुद्दाम कापला. मले म्हणे, ‘कामात असन,’ अन चकचकीत असलेले बूट परत पॉलिश करत बसले. ते तिसऱ्यांदा लावतीन का नाई, मले लय भेव वाटून राह्यलं आहे. नंबर आताच सेव्ह करजो, अन आला तर उचलजो. नाई आला तर तूच लावजो, तुले माही शपथ. पयले ते नाशिकच्या थंडीचंच विचारतीन, तर थंडीचंच सांगजो, घाई करू नको. सीडीचं काही विचारजो नको. अन ते नाव घेतीन तवा गप्प राहून नीट ऐकजो, लय दिवसाचं आहे ते.

अगं थांब, समोरच्या रुखमाबाईच्या घरात वांदर शिरलं, लोणच्याची बरणी घेऊन गच्चीवर बसलं अन आता तिखट लागून उड्या मारून राह्यलं आहे, सारी गल्ली जमली, मी पाहाले चालली.

तुहीच,
प्रेरणा