झाकणावर कासारी

१२ जानेवारी २००४
अण्णानं आज सही केली. अमेरिकन कंपनीची एजन्सी. (पूर्ण नाव लिहायची इच्छा नाही. यापुढं अ.कं.) अट अशी की दुकानात फक्त त्यांचेच लॅपटॉप दिसायचे. म्हणजे मागच्या खोलीत मी इतकी वर्षं कॉम्प्युटर असेंबल करून विकत होते ते बंद. भाऊ माझा, दुकान दोघांचं, आणि मला पेढे वाटताना कळलं.
"विचारलं का न्हाईस?"
"विचारून काय झालं असतं? तू न्हाईच म्हणली असतीस."
खरं आहे. म्हटलंच असतं.
रात्रीच्या जेवणाला अप्पा म्हणाले, "मोठ्या कंपनीचं नाव असंल तर वाईट काय हाय त्यात?" अप्पांची शिरोलीत फाउंड्री. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्यांचे भाग ओतले. एकाही गाडीवर आमचं आडनाव नाही. हे अगदी ओठांवर आलं होतं. भाकरीबरोबर गिळलं.

२ फेब्रुवारी
रस्त्याच्या पलीकडं, टायपिंग क्लासच्या वर गाळा घेतला. टेबल, सोल्डरिंगचं सामान, स्क्रू ड्रायव्हर सगळं स्वतः उचलून नेलं. अण्णा काउंटरवरून बघत होता. हात लावायला आला, मी म्हटलं राहू दे.
मग परत दुकानात जाऊन तिथूनच ओरडला, "आणि करणार काय वर बसून?"
"लॅपटॉप काढणार. स्वतःच्या नावाचा."
दुकानातली दोन गिऱ्हाइकं पण हसली.
"अगं, डेस्कटॉप कुणीबी जोडतंय. लॅपटॉप कंपनीच करती!"
कुठली कंपनी? आजवर दुरुस्तीला आलेले जपानी, जर्मन, अमेरिकन, सगळे उघडून बघितलेत. वरून तीन देश. आत तैवानच्या एकाच कारखान्याचा शिक्का.

३ जून, तैपेई
पहिलं विमान, पहिला परदेश, एकटी. निघताना शेजारच्या काकू म्हणाल्या, "लग्नाचं बघायचं सोडून पोरगी लॅपटॉप बघायला चालली." म्हटलं, "लॅपटॉपला मानपान लागत न्हाई, काकू."
आज कारखाना बघितला. विक्री बघणाऱ्या लिनबाईंनी फिरवलं. दोघींचं इंग्रजी मोडकं, म्हणून छान जमलं. एकच सरकता पट्टा. त्यावर तोच बोर्ड, तोच पडदा, त्याच बिजागऱ्या. अगदी शेवटाला पट्ट्याच्या वाटा फुटतात. एकीवर जपानी नावाचं झाकण बसतं, एकीवर जर्मन, एकीवर, हो, अ.कं.
आणि एक वाट बिननावाची. छोट्या व्यापाऱ्यांसाठी. प्रोसेसर, मेमरी, डिस्क आपण घालायची. झाकण आपलं.
लिनबाईंना विचारलं, या मोठ्या कंपन्या मग स्वतः काय करतात? "जाहिरात," म्हणाल्या. मग घाईनं, "आणि तपासणी. तपासणी पण करतात."
पट्ट्याशेजारी किती वेळ उभी होते कोण जाणे. शेवटी त्यांनी हाताला धरून बाजूला घेतलं.
"तुमचं नाव काय टाकायचं?"
ठरवलंच नव्हतं!

१९ जून
घरात नावावरून धुमाकूळ. अप्पा म्हणतात देवाचं ठेव. आयातीचं बघणारा मुंबईचा एजंट म्हणतो इंग्रजी ठेवा मॅडम, शेवटी 'टेक' लावा. आई (आम्ही अव्वा म्हणतो) भाजी निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "आमच्या माहेरची नदी हाय की. कासारी." 
ठरलं. आणि देवनागरीतच. एजंटला फोनवर सांगितलं तर म्हणतो, "मराठीत लिहिलेला लॅपटॉप कोण घेणार?"
"मराठी वाचणारा घेणार."

८ सप्टेंबर
नमुना आला. झाकण उघडायच्या आधीच हसू की रडू कळेना. चारी अक्षरं सुटी सुटी, डोक्यावरची रेघच नाही. त्यांना वाटलं ती रेघ म्हणजे कागदावरची आखणी! लिनबाईंना मोठ्ठी मेल. वर रेघ म्हणजे अक्षरांचं छप्पर, ती पाहिजेच, तुटता कामा नये.
चार नव्हे, तीन अक्षरं. घाईत काय लिहितेय मी.

२१ जानेवारी २००५
पहिली खेप विकायला काढली. टोमणे: "कोल्हापूरचा लॅपटॉप? पायात घालायचा का डोक्यावर?" एकानं विचारलं, करकर वाजतो का. वाजू दे.
पहिलं खरं गिऱ्हाईक आजऱ्याच्या सुमनताई. त्यांचा काजूचा कारखाना. तिकडं लोडशेडिंग इतकं की कॉम्प्युटर म्हणजे नुसती शोभेची पेटी. बॅटरीवर चालवून दाखवला. ताईंनी कीबोर्ड भाजीवालीपुढं वांगी दाबावीत तसा दाबून बघितला.
"बिघडला तर?"
"मी येतो."
"मुंबईला पाठवायला न्हाई लागत?"
"न्हाई ताई. मीच केलाय, मीच येतो."
घेतला. पिशवीत घालून एसटीनं गेल्या.
(मी 'येतो', 'करतो' म्हणते यावर पुण्याचे लोक हसतात. कोल्हापूरच्या बायका असंच बोलतात. हसा.)

१४ ऑगस्ट
वाईट दिवस. ताईंचा फोन, झाकण उघडताना कडकन आवाज आला, पडदा लोंबतोय. पन्हाळ्याच्या हॉटेलवाल्याचं पण तेच, गेल्या आठवड्यात. मला वाटलं त्याच्याकडून पडला असेल. तसं बोललेसुद्धा त्याला.
माझ्याकडचे न विकलेले उघडून बघितले. डावी बिजागरी. कडेला केसासारखी चीर. दोन-तीन सोडून सगळ्यांना.
अण्णाला कळलंच. जिन्यातून वर आला, दारात उभा राहिला, काहीतरी बोलणार होता. मी म्हटलं, "बोल की." तसाच जिना उतरला. त्यापेक्षा बोलला असता तर बरं.

१७ ऑगस्ट
लिनबाईंचं उत्तर. त्या खेपेतल्या बिजागऱ्याच कच्च्या, त्यांनी मान्य केलं. नव्या, जाड पाठवतायत.
अप्पांचा सल्ला: जो येईल त्याची बदलून दे, बाकीच्यांना कशाला सांगतीस? अख्ख्या गावात बोंब.
बोंब होऊ दे. प्रत्येकाला फोन करणार. माझं नाव झाकणावर आहे ते काय नुसतं मिरवायला?

३० सप्टें.
महिनाभर हेच. आजरा, पन्हाळा, इचलकरंजी. बॅगेत बिजागऱ्या आणि स्क्रू ड्रायव्हर. पहिल्यांदा पन्हाळ्याला गेले आणि हॉटेलवाल्याला म्हटलं, चुकलं माझं, तुमच्यावर ढकललं. तो म्हणाला, "असू दे. चहा घेणार का, पावणं?" 
एकानं मात्र मशीन परत दिलं. रस्त्यावर उभं करून बोलला. ऐकून घेतलं.

२२ नोव्हेंबर
आज वेगळंच. कॉलेजात गणित शिकवणारे इंगवले सर वर आले. हातात अ.कं.चा लॅपटॉप, अण्णाकडूनच घेतलेला. झाकण डावीकडं लोंबतंय. कंपनीनं लेखी कळवलंय की तुम्ही नीट वापरला नाही, दुरुस्ती वॉरंटीत बसत नाही.
उघडला. तीच बिजागरी. तोच नंबर. तीच चीर.
सरांना माझी जुनी आणि त्यांची, दोन्ही शेजारी ठेवून दाखवल्या. "म्हणजे मी काही केलं नव्हतं." तीनदा म्हणाले. बिचाऱ्यांनी घरात मुलाला झोडपलं होतं त्यावरून.
माझ्याकडची नवी बसवून दिली.

२३ नोव्हेंबर
सरळ अण्णाच्या काउंटरवर दोन्ही बिजागऱ्या ठेवल्या.
"तुझ्याकडं असे किती आले?"
"तू जा वर."
"किती आले, अण्णा?"
"बरेच. कंपनी म्हणती गिऱ्हाइकाची चूक, असंच सांगा. मी काय करू? सही केलीय मी."
"आणि तू तसंच सांगतोस? तोंडावर?"
गिऱ्हाईक आलं. अण्णानं बिजागऱ्या काउंटरखाली सरकवल्या. अण्णा एवढा थकलेला कधी बघितला नव्हता. पण कीव करायची नाही असं ठरवून वर आले.

९ जानेवारी २००६
इंगवले सरांनी स्टाफरूममध्ये सगळ्यांना सांगितलं. आता अ.कं.चे लॅपटॉप घेऊन लोक माझ्याच जिन्यात. करते. सगळ्यांचे करते.

१७ जानेवारी
पुण्याहून अ.कं.चे साहेब आले. मला खाली दुकानात बोलावलं. अण्णा, अप्पा, साहेब, मी. साहेब फार गोड बोलतात.
"मॅडम, आमचं मशीन तुम्ही उघडता आणि त्यात दोष आहे असं सांगता. दोन ओळी लिहून द्या की तुमचा गैरसमज झाला. आम्ही पुढं काही वाढवणार नाही."
"गैरसमज न्हाई झाला."
"तुमच्या भावाच्या एजन्सीचा प्रश्न आहे."
अप्पा माझ्याकडं बघेनात, अण्णा जमिनीकडं बघतोय. म्हटलं, "साहेब, माझी पण तुटली. मी गावभर फिरून बदलली. तुम्ही तेवढंच करा, मी तुमच्या कंपनीची जाहिरात फुकट करतो."
'करतो'वर हसले. बॅग उचलली. "महिनाभरात कळवू," अण्णाला. मला काहीच नाही.
गाडी गेल्यावर अप्पांनी विचारलं, "दोन ओळींनं काय बिघडलं असतं?" आवाजात राग नव्हता.

६ फेब्रुवारी
लिनबाईंची मेल. चार ओळी. एका मोठ्या गिऱ्हाइकानं कारखान्याकडं तक्रार केली. यापुढं कासारीला माल देता येणार नाही. शेवटी: 'हे ऑफिसचं पत्र आहे. माझं नाही.'
खाली एका चिनी कारखान्याचा पत्ता. शेन्झेन. एवढंच.
दार लावून रडले. मग तोंड धुतलं आणि शेन्झेनला मेल लिहायला बसले. वीज गेली. बॅटरीवर लिहिली. कासारीवर.

२० फेब्रु.
शेन्झेनचं उत्तर आलं, पण गोलगोल. आधी येऊन बघा म्हणतात. व्हिसाचे कागद काढले. सुमनताईंना सांगितलं की नवा माल कधी येईल सांगता येत नाही, येईल की नाही तेही. त्यांना भाच्यासाठी एक हवा होता. "थांबतो," म्हणाल्या.
अप्पा दोनदा जिन्यापर्यंत येऊन गेले असं क्लासच्या बाई सांगत होत्या.

२८ फेब्रुवारी
साहेबांकडून अजून काही कळवलेलं नाही. अ.कं.ची पाटी जागेवर आहे.
संध्याकाळी अण्णा वर आला. साहेब येऊन गेल्यानंतर पहिल्यांदाच. खुर्ची ओढून बसला, टेबलावर उघडा पडलेला अ.कं.चा लॅपटॉप बघितला, गिऱ्हाईक कोण म्हणून विचारलं. सांगितलं. मान हलवली.
म्हणाला, आज एकाला त्यानं खरं सांगितलं. चूक तुमची न्हाई, पलीकडं वर बहिणीकडं जा म्हणून.
मी पाण्याचा तांब्या पुढं केला.
नकाशात शेन्झेन कुठं ते दाखव म्हणाला, दाखवलं. हाँगकाँगवरनं जायचं का, विचारलं. व्हय म्हटलं. उठला, दारापर्यंत गेला आणि तिथनंच, माझ्याकडं न बघता:
"तिकडं आपल्यासारख्या शाकाहारी माणसांना खायला काय मिळतं गं?"
"माणसांना? मी एकटीच चाललोय की."
"पासपोर्टचा फॉर्म कुठं मिळतो?" म्हणाला आणि जिना उतरला. रस्त्यापलीकडून शटर ओढल्याचा आवाज आला.