झिनारच्या गावची चौकशी

१६ फेब्रुवारी २०२५
नीलिमाताईला लग्न करायचं आहे. मुलगा कुर्द! नाव झिनार. ताई जर्मनीत स्टुटगार्टला नर्स आहे, तो तिथेच बेकरीत कामाला. फोन स्पीकरवर होता. बाबांनी विचारलं, "कुर्द म्हंजे कोनती जात?"
"जात नाई बाबा, लोक आहेत. त्याईले सोताचा देश नाई. चार देशाईत वाटनी झाली त्याईची."
"मंग याच्या वाट्याले जर्मनी कशी आली?"
आई हसली. मी नाही. पळून आला म्हणे. घरदार सोडून माणूस उगाच पळत नाही.

१९ फेब्रुवारी
ताईकडून त्याच्या गावाचं नाव घेतलं. तुर्कस्तानातलं. नकाशात ते नावच नाही! तिला सांगितलं तर म्हणते, सरकारने नाव बदललं – आणि दुसरंच सांगितलं. ते सापडलं. गावाला दोन नावं. यालाही दोन – फेसबुकवर हा झिनार नाहीच, भलत्याच नावाने आहे!

२३ फेब्रुवारी
फोटो आले. स्टुटगार्टला त्यांच्या लोकांचा एक हॉल आहे, रविवारी जमतात. म्हातारे, बाया, पोरं, सगळे हातात हात धरून नाचताना. सगळे कॅमेऱ्याकडे बघतात. हा मात्र प्रत्येक फोटोत मान फिरवून. ताईचा निरोप: "फोटो कुनाले पाठवू नको, अश्वजित."
काहून?

२ मार्च
आज तो स्वतः बोलला. सिनेमे पाहून शिकलेलं हिंदी. "नमस्ते माँ जी." आईने विचारलं, घरी कोण असतं? "माँ. छोटा भाई." शेवटचा कधी गेला होतास? ताईनेच विषय बदलला.
फोन ठेवल्यावर आई म्हणते, "डोये चांगले आहेत पोराचे." डोळ्यांवर सोयरिक होते का?

४ मार्च
बाबांचं एकच – "गावच्या पोलीस पाटलाले इचारल्याबिगर मी हो म्हनत नाई." बरोबर आहे. मावसबहीण सरिताच्या वेळी मुलाकडचे किती गोड बोलले! पोलीस पाटलानेच सांगितलं, पोराची पहिली बायको आहे. सरिता वाचली. तिथेही असा कोणीतरी असेलच.

६ मार्च
सापडला. पोलीस पाटील नाही, पण त्याच्या तालुक्याच्या सरकारी कार्यालयाचं पान. मोबाइलवर भाषांतर करून लिहिलं: अमक्या गावचा, अमक्याचा मुलगा, सध्या स्टुटगार्टला, माझ्या बहिणीशी लग्न ठरत आहे, वागणूक कशी, काही गुन्हा आहे का? फोटो जोडला. दोन्ही नावं दिली. एकेक अक्षर तपासलं. खाली माझं नाव – अश्वजित, जिल्हा वाशीम.
ताईला सांगितलं नाही. तिला सध्या काही दिसत नाही.

१० मार्च
उत्तर आलं! फार सभ्य. माहितीबद्दल आभार मानले आहेत. त्याच्या घराचा आणि बेकरीचा पत्ता मागितला आहे. म्हणजे माझा संशय खरा! काही केलंच नसतं तर पत्ता कशाला हवा?
राखीची ओवाळणी पाठवायला ताईने दिलेला तिचा पत्ता होता – बेकरी तिच्याच गल्लीत. पाठवला.

१३ मार्च
पुढे काही नाही. गुन्हा काय ते तरी सांगावं.

२१ मार्च
आज त्यांचं नवं वर्ष. ताईने व्हिडिओ लावला. मोकळ्या मैदानात मोठी शेकोटी, भोवती माणसंच माणसं, आणि झिनार जाळावरून उडी मारतो!
बाबा ओरडले, "अरे पाय भाजतीन ना जवाई!"
जवाई! मी म्हणालो, "बाबा, चौकशी बाकी आहे."
"कायची चौकशी? चौदा एप्रिलले आपन नाचतो, तवा पाहनाऱ्याले आपनही असेच दिसतो. किती दूर येऊन बसले, तरी एका जागी जमून राह्यले ना! मले पोरगा पसंत आहे. तू संशय घेत बस."
आईने शेजारी पेढे वाटले. मी घेतला नाही. उत्तर यायचं आहे.

२४ मार्च
ताईचा फोन. रडत होती. झिनारच्या धाकट्या भावाला तिकडच्या पोलिसांनी पहाटे गावच्या घरातून नेलं. म्हाताऱ्या आईला एकच विचारत होते – वाशीमला तुमचं कोण आहे?