बाजेखालची शेगडी

माय, तुझी शेगडी आता खोलीत नसते, ओसरीवर असते. हे तुला मीच सांगावं म्हणून लिहायला बसले, नाहीतर मागाहून तिकडे आलेली एखादी म्हातारी तिखटमीठ लावून सांगायची की तुझ्याच लेकीने तुझी शेगडी घराबाहेर काढली. काढली, हे खरं आहे. पण कशी काढली ते आधी ऐकून घे, मग काय रागवायचं ते रागव.

तू गेलीस तेव्हा मी नुकती नांदायला गेले होते. आता परत याच गावात राहते आणि आशाताईचं काम करते. म्हणजे पोटुशी बाईला वेळेवर दवाखान्यात न्यायचं, बाळाचं वजन करायचं, बाळंतिणीच्या घरी चकरा मारायच्या. तू करायचीस तेच, फक्त मी ते लिहूनही ठेवते आणि माझ्या अंगाला तेलाचा वास येत नाही. तू गावातल्या निम्म्या बायांना न्हाऊ घातलंस, शेक दिलास. तुझे हात बघून रडतं पोर गप्प व्हायचं, असं अजून लोक म्हणतात. माझे हात बघून पोर रडायला लागतं, कारण त्याला वाटतं मी सुई घेऊनच आले.

या हिवाळ्यात वरून कागद आला. बंद घरात कोळसा, निखारे, उघडा विस्तव ऊब घेण्यासाठी ठेवायचा नाही, बाळंतिणीच्या खोलीत तर मुळीच नाही. पंचायतीने तो कचऱ्याच्या गाडीवरच्या भोंग्यातून गावभर वाजवला आणि भिंतींना चिकटवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. आपल्याकडची डिसेंबरातली थंडी तुला सांगायला नको. सकाळी पाण्यात हात घातला की बोटं आपली राहत नाहीत. बाया काय बोलल्या असतील? एक जण मला गल्लीत अडवून म्हणाली, "सरकार आता आमच्या बाळंतिणीच्या बाजंखाली बी वाकून बघायलंय का?" मी हसले. खरं सांगते, मनातून मी तिच्याच बाजूची होते.

कारण माझी लेक त्याच आठवड्यात बाळंत होऊन घरी आली होती. पहिलं बाळंतपण, माहेरी, मुलगी झाली. लेक थंडीने काकडत होती आणि बाळाचे तळपाय बर्फ. मग मी काय केलं असेल? सकाळी कागद चिकटवले, त्याच हातांनी दुपारी माळ्यावरून तुझी शेगडी काढली, घासली आणि ताडकळसच्या बाजारातून आणलेला लाकडी कोळसा अंगणात पेटवला.

कोळसा पेटवताना मला तूच आठवत होतीस. आपण दोघी चुडाव्याच्या बाजूला रुळांच्या कडेने टोपली घेऊन चाललो आहोत, इंजिनातून सांडलेला दगडी कोळसा वेचतो आहोत. रेल्वेचा माणूस हटकतो आणि तू कमरेवर हात ठेवून त्याला म्हणतेस, "तुमच्या गाडीनं सांडलेलं उचलायलोत, गाडी न्हाई उचलायलोत." तो बिचारा हसून वाट सोडतो. घरी आलं की तू तो कोळसा गोवऱ्यांवर ठेवून सुपाने वारा घालायचीस, धूर संपून तो लालभडक होईपर्यंत आत न्यायची नाहीस. मी घाई केली की हातावर चापट. "धूर जाऊ दे. धूर गेला की इंगळ निर्मळ झाला." मग शेगडी बाजेखाली सरकवायची, वर ओवा आणि बाळंतशोपा टाकायच्या. त्या वासाने खोली अशी भरून जायची की आपणही बाळंतीण व्हावं असं मला त्या वयात वाटायचं. एवढं मी कधी तुला सांगितलं नव्हतं.

तू शिकवलंस तसंच मी केलं, अगदी धूर जाईपर्यंत थांबले. शेगडी बाजेखाली ठेवली, काचेची खिडकी सरकवली, दार लावलं आणि वारा येऊ नये म्हणून खाली गोधडी कोंबली. मग अळिवाची खीर करायला स्वयंपाकघरात गेले. खीर घेऊन आले तर लेक म्हणाली, "आई, डोकं लय जड पडायलंय, मळमळायलंय." बाळ छातीशी होतं, पण पीत नव्हतं, रडतही नव्हतं. गोधडी ओढली, दार उघडलं, बाळाला उचलून उन्हात पळाले. लेक माझ्यामागे भिंत धरत आली. अंगणात थोड्या वेळाने बाळाने असा टाहो फोडला की शेजारीण धावत आली. त्या रडण्याइतकं गोड मी आयुष्यात काही ऐकलं नाही. रिक्षात घालून दोघींना दवाखान्यात नेलं, सिस्टरला सगळं खरं सांगितलं आणि पोटभर बोलणी खाल्ली. दोघी सुखरूप होत्या. सिस्टर शेवटी शांत होऊन म्हणाली, "धूर दिसला तर माणूस खोकतो, उठून दार तरी उघडतो. धूर गेल्यावर जे उरतं ते दिसत नाही ताई, त्याचा वास बी येत न्हाई."

मी घरी येऊन वर छताकडे बघत बसले. तुझ्या माळवदाच्या खोलीला छतात धूर जायला भोक होतं. त्यातून ऊन पडायचं, पावसात पाणी गळायचं आणि तू दर पावसाळ्यात त्याला शिव्या घालायचीस. त्या भोकाने आमचे जीव राखले, आणि ते तुला माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. माझं घर स्लॅबचं. मी हौसेने बांधलं, कुठे फट म्हणून ठेवली नाही.

आणि मग तुझा खोकला आठवला. परभणीच्या डॉक्टरांनी विचारलं होतं, म्हातारी विडी ओढते का? तू हसलीस, हसता हसता खोकलीस. विडीला हात न लावलेली बाई तू. दुसऱ्यांची लेकरं उबेत ठेवता ठेवता तुझी छाती गेली. त्या वेळी मला त्याचा राग आला नव्हता. आता येतो, पण कुणावर काढू?

पुढच्याच आठवड्यात गल्लीच्या टोकाच्या घरी नातसून बाळंत होऊन आली. म्हातारी आजेसासू निखारे भरलेली शेगडी घेऊन उंबऱ्यातच उभी. मी कागद दाखवला. ती उसळली. "तुज्या मायनं माज्या चारी बाळंतपणाला शेक दिला, आन तू मला कागद दावायलीस?" मी काय बोलायला हवं होतं? माझ्या लेकीवर काय बेतलं ते. तोंडापर्यंत आलं होतं. पण आशाताईच्याच घरात असं झालं हे गावाला कळेल याची लाज वाटली, आणि मी म्हणून बसले, "माय तर म्हणायची, दार लावून इंगळ ठिवू नगं, शेगडी ओसरीवर आन शेकलेलं फडकं खोलीत."

म्हातारी शेगडीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणायची खरी." आणि वळून शेगडी ओसरीवर ठेवली. तव्यावर ओव्याची पुरचुंडी गरम केली, फडकी शेकली, आत नेऊन नातसुनेची कंबर शेकली. बाळ नातसुनेच्या छातीशी उघडं लावून वरून दोघांना गोधडी गुंडाळली, मी दाखवलं तसं. बाळाचे पाय तेवढ्यात ऊन झाले, तेव्हा म्हातारीने माझ्याकडे असं पाहिलं जसं काही हे तिनेच मला शिकवलंय.

आता गावभर हेच चालतं. कागद फाटले, भोंग्यावर आता दुसरंच काही वाजतं, पण तुझा शब्द कोणी मोडत नाही. परवा एक बाई मलाच समजावत होती की तू कशी दाराशी बसून ओरडायचीस, "आधी खिडकी उघडा!" मी मान डोलावली. माझी नात आता पालथी पडते आणि ओसरीवरच्या शेगडीकडे डोळे वटारून बघते.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, तरी तुला कबूल करते. तू असं कधीच म्हणाली नव्हतीस. दाराला पोत्याचा पडदा तूच ठोकायचीस. चूक माझी होती आणि नाव मी तुझं पुढे केलं. लेकीचं खरं मी अजून गावात कुणाला सांगितलेलं नाही. पुढच्या घरी सांगेन, असं दर वेळी ठरवते. तोवर एवढं कर माय, तेव्हा म्हणाली नव्हतीस ते आता म्हण.