पाहुण्यांपुढचं इंग्रजी भाषण

वहिनी,

चिठ्ठी चहाच्या डब्यात ठेवलीय, तो तुमच्याशिवाय कुणी उघडत न्हाई. मी अंबाजोगाईला वादविवाद स्पर्धेला गेलेय. पळून गेले न्हाई, एवढं आईला आधी सांगा. चारला घाटनांदूरचे पाहुणे सुपारी फोडायला येतील, त्याच्या आत परत येते. साडी इस्त्री करून ठेवलीय. पोहे तेवढे भिजवा.

परवा ते बघायला आले तवा मुलाचे मामा म्हणाले, "पोरगी भाषणं करते म्हणं, जरा इंग्रजीत बोलून दाखव की." अण्णांनी डोळ्यानं खुणावलं. मी कॉलेजातले सर वादविवादाला शिकवतात तशी ताठ उभी राहिले आणि तीन मिनिटं थांबलेच न्हाई. अण्णांची छाती फुगली. मामांनी टाळ्या वाजवल्या आणि तिथंच पसंती सांगून टाकली.

भांडी घासताना तुमी विचारलंत, "लई भारी बोललीस, पण बोललीस काय?" मी हसण्यावारी नेलं. आता सांगते. मी म्हणाले, मला हे लग्न करायचं न्हाई, शेवटचं वर्ष पूर्ण करायचंय, आणि मला कुणी विचारलेलं न्हाई. मुद्दा तीनदा मांडावा असं सर म्हणतात, म्हणून तीनदा म्हणाले.

मराठीत हे अण्णांपुढं माझ्या तोंडून निघत न्हाई. सुपारी फुटायच्या आधी तुमीच त्यांना ही चिठ्ठी वाचून दाखवा. न्हाई जमलं, तर चारला पोह्यांचा ट्रे घेऊन मी गुमान बाहेर येतेच.

मुलाला मात्र कळलं होतं, वहिनी. सगळ्यांच्या आधी टाळी त्यानंच वाजवली.

आम्रपाली