न निघालेला सुरुंग

९ जुलै १९६६, हिवरखेड

आज कपाशीत जिथं उगवलं नाही तिथं पुन्हा सरकी टोबत होतो. मागून बायको म्हणाली, "अवो, एक जागा राहून गेली तुमची." माझा पाय उचलेना.

"काहून थांबले?"

काय सांगू तिले?

गेल्या लढाईत सरहद्दीवर आमी सुरुंग पेरले. दोरीले गाठी मारून, सरकी टोबावी तसेच. हवालदार म्हणाला, तुझ्या ओळी सरळ येतात. खोटं कशाले लिहू, छाती फुगली होती. लढाई संपल्यावर आमचे सुरुंग आमीच काढले. सगळे निघाले, एक निघाला नाही. दोन दिवस माती चाळली, मग निघायचा हुकूम आला. ज्याचं शेत तो म्हातारा बांधावरच बसून होता. "हो गया?" त्यानं विचारलं.

मी मान हलवली. हो म्हणूनच हलवली.

त्याचीही पेरणी आता चालू असेल. एक निघाला नाही, हे त्याले कोण सांगणार?

बायकोले म्हटलं, पायात चमक भरली. तिनं माझ्या हातातली सरकी घेतली आणि अनवाणीच जाऊन ती जागा भरून आली.